तांबड्या ठिपक्याची गोगलगाय

मांजरी, पुणे
वर्षावास संपल्यानंतरचा सोमवार

प्रिय शंभू,

तुझ्या-माझ्या घरात एक ओढा, एक पूल आणि एक पिठाची गिरणी एवढंच अंतर, आणि तरी मी तुला पोस्टाने पत्र पाठवतो आहे. तू आधी हसशील. 'भंतेच्या स्कूटरचं पेट्रोल संपलं काय,' असं काहीतरी मलाच चिडवत म्हणशील. हस पोटभर. हसून झालं की उशीला टेकून नीट बस आणि पुढचं ऐक. पत्र लांब आहे. थोडक्यात सांगायचं म्हणून मी बऱ्याचदा तुझ्या दारात आलो, आणि प्रत्येक वेळी चहा पिऊन परत गेलो. थोडक्यात सांगता येण्यासारखं ते नाही, एवढंच त्यातून कळलं.

आधी इकडची खबर. कौशल्याचा गुडघा आता बरा आहे, जिना चढताना तेवढी कुरकुरते. वांग्याला फुलं आली आणि त्यांच्याबरोबर शेंडे अळीही आली. सकाळी एखाद्या शेंड्याने मान टाकलेली दिसली की मी तो अळीसकट खुडतो, तुला दाखवला होता तसाच, बोटभर खालून. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण कापसासारखा बसला होता. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक फांदी पुसून काढली. चवळीवरचा मावा पाण्याच्या जोराने धुतला. मी नेहमी म्हणायचो ना, 'मी मावा मारत नाही, धुतो,' त्यावर तू म्हणाला होतास, 'म्हणजे आंघोळ घालून मारतोस. पुण्य डबल.' तेव्हा मला ते झोंबलं होतं. मी वरवर हसलो आणि मनात म्हटलं, याला शील म्हणजे काय ते कळायचं नाही. हल्ली चवळीला पाणी मारताना तुझं ते वाक्य रोज आठवतं, आणि आता वाटतं, कळत नव्हतं ते मला.

आपल्या शाळेची बाग आठवते का रे? प्रत्येक जोडीला एक वाफा. आपण तरटावर शेजारी बसायचो म्हणून वाफाही एकच, कोबीचा. कोबीवर हिरव्या अळ्या पडल्या की गुरुजी डबडी वाटायचे. अळ्या वेचायच्या आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायच्या. माझ्याच्याने ते व्हायचं नाही. आमच्या घरी आई रोज संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायची. त्यातलं पहिलंच, जीव घेणार नाही, हे मला अगदी आपल्यालाच उद्देशून सांगितल्यासारखं वाटायचं. मी डबडं हातात धरून नुसता उभा राहायचो. मग तू ते माझ्या हातातून काढून घ्यायचास. 'आण इकडं. तुझ्या वाटणीचं पाप मी करतो, तू मला गणितं दाखव.' गुरुजी सगळ्या वर्गाला आपला वाफा दाखवायचे आणि म्हणायचे, बघा, मच्छिंद्र किती निगुतीने करतो. मी खाली बघायचो, पण बोलायचो नाही. ही गोष्ट आपण आयुष्यभर गंमत म्हणून सांगितली. सौरभच्या लग्नात तू ती मांडवात उभा राहून सांगितलीस आणि पायलच्या माहेरची माणसं, एवढ्या लांबून भंडाऱ्याहून आलेली, पोट धरून हसली. मीही हसलो होतो. आता ती आठवली की हसू येत नाही.

तुला झटका आला त्या वर्षी तुझा उजवा हात वाळक्या फांदीसारखा नुसता लोंबत होता. फिजिओवाली मुलगी रबरी चेंडू दाबायला द्यायची. तू तो डाव्या हाताने ओढ्यात फेकलास आणि म्हणालास, 'मी काय लहान पोर आहे?' वहिनी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, कारखाना सुटला होता, सौरभ दिवसभर कामावर. घरात तू आणि नवीन आलेली सून, दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते कळत नव्हतं. मग एके दिवशी मी आलो तर पायल घरामागची पट्टी भिंतीपर्यंत खणून बसलेली, साडीला चिखल, आणि तू खुर्चीवरून तिला शिव्या देत होतास की वाफा वाकडा झाला. ती म्हणाली, 'मग तुम्ही उठा नं बाबा, सरळ करून दाखवा.' आणि तू उठलास. त्या दिवशी मी तिथे होतो, म्हणून सांगतो, तुला खुर्चीतून तिने उठवलं. मी नंतर रोपं आणली, शेणखत आणलं, सल्ले दिले. सल्ले देण्यात मी पहिल्यापासून पुढे. मेथीचं बी चिमटीत धरून तुझी बोटं हलायला लागली, वांग्याचे शेंडे खुडता खुडता तुझा आंगठा परत आला. ज्या सकाळी तू स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावलंस त्या सकाळी पायलचा मला फोन आला होता. नुसती ओरडत होती, 'काका, बटण लागलं!' मला आधी वाटलं विजेचं बटण.

आणि तुमचं ते पेपरवाचन. झटक्यानंतर तुझ्या डोळ्यांपुढे ओळी हलतात, म्हणून ती रोज दुपारी तुला पेपर वाचून दाखवायची. मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम त्या वेळेला यायचो. अर्धा पेपर आणि अर्धी तुमची भांडणं. रस्त्याच्या कामाची बातमी आली की तू म्हणायचास, 'हे परत वाच, विनोद नीट कळला नाही.' आणि ती तुझं राशिभविष्य स्वतःच्या मनाने वाचायची. 'आज सासऱ्यांनी सुनेचं ऐकावं, लाभ होईल. गोळ्या वेळेवर घ्याव्यात.' तू म्हणायचास, 'हा ज्योतिषी भंडाऱ्याचा दिसतोय.' मागच्या महिन्यात मी आलो तेव्हाही ती वाचत होती. सगळ्या बातम्या एका सुरात वाचल्या, पेपरची घडी घातली आणि आत गेली. तू भिंतीकडे बघत होतास. राशिभविष्य तिने वाचलं नाही आणि तू विचारलं नाहीस.

आता ऑगस्टचं. ओढ्याला मोठं पाणी आलं, तुझ्या मागच्या भिंतीवरून आत शिरलं आणि ओसरलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुझा फोन आला, 'भंते, ये लवकर. तुझ्या दोस्तांनी पंगत उठवली.' मी आलो. मेथीच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या, पालकाच्या शिरा, झेंडूचे बुंधे. पपईच्या कोवळ्या खोडाची सालही खरवडलेली. भिंतीवर, विटांखाली, नळाच्या खड्ड्यात मुठीएवढाल्या गोगलगायी. तू काठी टेकत मधोमध उभा होतास. मी लगेच माझी विद्या काढली. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांत अंथरायचं, पपईची पानं त्याखाली ठेवायची. सकाळी सगळ्या त्याखाली गोळा झालेल्या सापडतात. उघड्या हाताने धरायच्या नाहीत, हातमोजे घालायचे. विटांचे ढीग, पालापाचोळा, ओलसर फळ्या उचलून टाकायच्या, त्यांना दिवसा लपायला जागा ठेवायची नाही. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याची रेघ ओढायची, पाऊस पडला की पुन्हा ओढायची. माती उकरून अंड्यांचे पुंजके शोधायचे. आणि वेचलेल्या गोगलगायी साबण-मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हे सगळं मी तुला पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, आणि बादलीची वेळ आली तेव्हा हात धुवायला नळावर गेलो. तुला कळलं होतं. मेथीचं बी धरून जी चिमूट परत आली होती त्याच चिमटीने तू एकेक उचलून बादलीत टाकत राहिलास. रोज सकाळी, कितीतरी दिवस.

त्यातली एक तू मला दाखवली होतीस. तिच्या पाठीवर तांबडा ठिपका होता. 'ही बघ, हिला कुणीतरी हळदीकुंकवाला बोलावून परत पाठवलंय,' असं तू म्हणालास आणि पायल खळखळून हसली. ते तुमचं शेवटचं एकत्र हसणं, निदान माझ्यासमोरचं. मीही हसलो. बघू म्हणून ती तुझ्या हातातून घेतली, रुमालात गुंडाळली आणि स्कूटरच्या डिकीत ठेवली. तू नंतर विचारलंस, तिचं काय केलंस? मी म्हटलं, टाकली कुठेतरी.

त्याच सकाळी तू विचारलंस, 'पण एवढ्या आल्या कुठून रे? मागच्या पावसाळ्यात तर एक नव्हती.' आजूबाजूची मंडळीही कुंपणाशी जमली होती. सौरभ होता, पायल होती. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण बागेतलं मला कळतं. मी म्हटलं, कधी कधी कुंडीतल्या मातीतून येतात, बाहेरून आणलेल्या. हे वाक्य खोटं नाही. खरोखर येतात. पण मी ते का म्हटलं, ते मलाच ठाऊक. तुझी नजर फिरत फिरत नळाशेजारच्या कुंडीवर गेली. सोनटक्क्याची कुंडी. मागच्या दिवाळीला पायलने माहेरच्या अंगणातून कंद आणला होता, तिथल्याच मातीत घालून, रात्रभर गाडीत मांडीवर धरून. त्याला पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या. तू काठीने कुंडी कलती केलीस. माती सांडली, त्यात बारीक पांढरे दाणे होते. तू मला विचारलंस, 'ही अंडी का रे?' मी वाकलो. एक दाणा उचलून नखाखाली दाबला. तो कचकन वाजला. चुनखडीचा खडा होता तो. गोगलगायीचं अंडं पिवळसर असतं, साबुदाण्यासारखं, दाबलं की ओलं फुटतं, असं कोरडं वाजत नाही. मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, 'असतील.'

एवढा एक शब्द, शंभू. तू पायलकडे वळून म्हणालास, 'तुझ्या माहेरच्या मातीनं माझी बाग खाल्ली.' मला वाटलं होतं, ती बोलेल, भांडेल, तुमचं नेहमीचं चालेल आणि विषय संपेल. ती आत गेली आणि पाणी तापवून पातेलं घेऊन आली, कारण अशी माती उकळत्या पाण्याने मारायची असते हे मीच थोड्या वेळापूर्वी सांगितलं होतं. कुंडीपाशी येऊन ती थांबली, म्हणून पातेलं मी घेतलं. ज्या माणसाला कोबीवरची अळी मारवत नव्हती त्याने कळ्या धरलेल्या झाडाच्या मुळावर उकळतं पाणी ओतलं, आणि ते ओततानाही त्याला पक्कं माहीत होतं की त्या मातीत काही नाही. नंतर मी ती माती घमेल्यात भरून ओढ्याकाठी टाकली. परवा तिथे जाऊन उकरून पाहिलं. एकही कंद जगलेला नाही. तसाच कंद नर्सरीतून आणता आला असता. तो आणून मी कुठल्या तोंडाने दिला असता?

आता माझ्या बागेचं ऐक. जुलैत माझ्या अळवाखाली गोगलगायी निघाल्या. कौशल्या मिठाचा डबा घेऊन आली आणि एकीवर मीठ टाकलं. तिचा फेस झाला, ती आक्रसली, आणि शिंगांच्या टोकांवरचे ते डोळे तिने हळूहळू आत ओढून घेतले. मी कौशल्याच्या हातातला डबा काढून घेतला. पावसाळ्याचे तीन महिने चालणारा वर्षावास नुकताच सुरू झाला होता. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बसायचं आणि घरी येऊन हे करायचं, मला जमेना. मग मी रंगाची रिकामी बादली घेतली, तिच्या झाकणाला भोकं पाडली. संध्याकाळी वेचून बादलीत, आणि सकाळी कामावर जाताना पुलाच्या कडेला स्कूटर थांबवून बादली ओढ्याकाठच्या झुडपांत उपडी. शंभू, मला फार बरं वाटायचं. पुढे हडपसरपर्यंत मी गुणगुणत जायचो. एकही जीव मारला नाही आणि अळूही राखला, असं वाटायचं. तुलाही मी फुशारकीने सांगितलं होतं की माझ्या बागेत एकही जीव मरत नाही. तू हात जोडून म्हणाला होतास, 'साधू, साधू.' गोगलगायींचं मी काय करतो ते तू विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही.

कौशल्याने मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. 'ओढ्याच्या पलीकडं माणसं राहत नाहीत का? आपल्या दारातलं दुसऱ्याच्या दारात टाकायला शील कशाला लागतं?' मी म्हटलं, गोगलगाय चालून चालून किती चालणार? तिला वाटत होतं की त्या परत आपल्याच बागेत येतात. ते सिद्ध करायला तिने गेटला देऊन उरलेला तांबडा ऑइलपेंट काढला आणि काडीने प्रत्येकीच्या पाठीवर ठिपका दिला. एकही परत आली नाही. मी तिला मोठ्या विजयाने म्हटलं, बघ, त्यांना त्यांचं घर मिळालं.

त्यांना तुझं घर मिळालं होतं. पुलापासून ओढा कुठे वळतो आणि कुणाच्या मागच्या भिंतीला लागून जातो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वर मी एक ओळ लिहिली होती की पाणी वाढेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती खोडली. आलं होतं. एका सकाळी पुलाखाली पाणी फुगलेलं मी पाहिलं आणि तरी बादली उपडी केली, कारण कामावर उशीर होत होता, आणि बादली घरी परत नेली असती तर कौशल्याने मीठ टाकलं असतं. बाकीच्यांवरचे ठिपके पावसाने, चिखलाने गेले असतील. एकीवरचा राहिला. तू तो मला हसत हसत दाखवलास त्या क्षणी मला सगळं कळलं. म्हणजे कुंडीतला खडा नखाखाली वाजला तेव्हा मी अडाणीपणाने चुकलो नव्हतो. ती ठिपक्याची गोगलगाय तेव्हा माझ्या डिकीत रुमालात होती.

मी का बोललो नाही, याचा फार विचार केला. कुंपणाशी माणसं उभी होती. तू मला सगळ्यांसमोर भंते म्हणतोस. थट्टेने म्हणतोस, पण मला ते आवडतं. ते जाईल असं वाटलं. एवढंच कारण आहे, यापेक्षा मोठं काही सापडलं नाही. पहिलं शील जपायला मी माझ्या वाटणीचं मारणं पुन्हा तुझ्याच हातात दिलं, शाळेतल्यासारखं. तेव्हा तू ते जाणूनबुजून अंगावर घेतलं होतंस. या वेळी मी तुला न सांगताच दिलं. आणि ते झाकायला चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मोडलं, तेही एका पोरीच्या जिवावर. ती ठिपक्याची गोगलगाय मी त्या संध्याकाळी माझ्या बागेत नेऊन सोडली. दुसऱ्या दिवसापासून मीही गोणपाट अंथरायला लागलो. आता सकाळी मीच वेचतो आणि मीच साबणाच्या पाण्यात टाकतो. ठिपक्याचीही त्यातच आली. हे मी चांगलं करतो असं म्हणत नाही. टाकताना मनात क्षमा मागतो, पण ती कुणाची मागायला हवी हे त्या गोगलगायींनाही कळत असेल.

मागच्या खेपेला तू सांगितलंस की पोरं वारज्याला जायचं म्हणतात. सौरभला तिकडून ऑफिस जवळ पडतं म्हणे. हडपसरात ऑफिस असलेल्या माणसाला पुण्याच्या दुसऱ्या टोकाचं वारजं जवळ पडतं, हे तू कोरड्या तोंडाने सांगितलंस. पुढे म्हणालास, 'जाऊ देत. चौथा मजला आहे. तिकडं मातीच नाही.' मी चहा पीत होतो. तू बागेत हल्ली जात नाहीस, गोणपाटं तशीच वाळून पडली आहेत, तुझा हात पुन्हा मांडीवर मुडपलेला असतो, आणि बटणं सौरभ लावून देतो, हे सगळं मी त्या चहाबरोबर बघत होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. म्हटलं, साखर जास्त झाली.

वर्षावास संपला त्या दिवशी विहारात खीरदान होतं. भंतेजींनी, खऱ्या भंतेजींनी, पवारणेचा अर्थ सांगितला. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू शेवटच्या दिवशी एकमेकांपुढे बसतात आणि प्रत्येक जण म्हणतो, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. लोक माना डोलवत होते. माझ्या हातात खिरीची वाटी होती. मला वाटलं, मी कुणापुढे बसून हे विचारू? ज्यांना विचारायचं त्यांनी काही पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही, आणि त्यांना माझी शंकासुद्धा येत नाही. ज्याच्यावर कुणी शंका घेत नाही त्याला स्वतःच बोलावं लागतं. खीर तशीच ठेवून मी घरी आलो. कौशल्याला सांगितलं. ती म्हणाली, 'मला काय सांगता? त्या पोरीला सांगा.'

म्हणून हे पत्र. मी समोर येऊन सांगितलं असतं, शंभू, तर तू मला जागच्या जागी माफ केलं असतंस. 'जाऊ दे रे मच्छ्या, गोगलगायी त्या,' म्हणाला असतास, आतून चहा मागवला असतास, आणि कप घेऊन बाहेर आलेल्या पायलला आपण कशावर बोलत होतो ते कधी कळलंच नसतं. मोबाइलवर आवाजाचा निरोप पाठवला असता तर तू तो कानाला लावून एकट्याने ऐकला असतास. पोस्टमन तुमच्याकडे दुपारी येतो, सौरभ तेव्हा घरी नसतो, आणि कागदावरचं तुला वाचून दाखवणारं माणूस त्या वेळी घरात एकच असतं. पायल, म्हणजे आत्तापर्यंतचं हे सगळं तुझ्या आवाजात झालं आहे. तू आधी मनात वाचतेस आणि मग मोठ्याने, हे मला माहीत आहे, तेव्हा कुठे थांबायचं ते तू ठरव. एकच वाक्य तेवढं मोठ्याने वाच: तुझ्या माहेरची माती स्वच्छ होती. बाकीचं वाचून दाखवायचं नसेल तर घडी घालून ठेवून दे, रविवारी सकाळी मी येऊन तोंडाने सांगेन. तेव्हा चहा करायला आत जाऊ नकोस, तिथेच बस, एवढं मागतो. वारज्याला जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण न केलेल्या गोष्टीचा डाग घेऊन या घरातून जाऊ नकोस. आणि शंभू, तिने इथपर्यंत वाचलं असेल तर ती आत्ता तुझ्यासमोर बसलेली आहे. मला जे काय सुनवायचं ते रविवारी सुनव, भंते मात्र आता म्हणू नकोस. आधी तिच्याशी बोल.

तुझाच,
आणि पायलचा अपराधी काका,
मच्छिंद्र